कच्च्या मातीचे धडे : कोलकात्याची मूर्तिकला आणि प्राथमिक शाळा

प्राथमिक शाळेत मुलांना मातीकाम शिकवावे, या मताला उघड विरोध करणारा मनुष्य क्वचितच भेटेल. प्रत्यक्षात मात्र मातीकामाचा तास वेळापत्रकात लिहिलेला असला, तरी तो पुष्कळदा गणिताच्या उजळणीला किंवा परीक्षेच्या तयारीला दिला जातो. याविषयी विचारले असता शिक्षक साधारणपणे तीन अडचणी सांगतात. शाळेत चाक नाही, भट्टी नाही आणि शिक्षकाला स्वतःला कुंभारकाम येत नाही. या अडचणी खोट्या नव्हेत. परंतु त्यांच्यामुळे मातीकाम अशक्य ठरते काय, हा प्रश्न वेगळा आहे आणि त्याचे उत्तर शोधण्यासाठी कोलकात्याकडे पाहणे उपयुक्त होईल.

कोलकात्यात दर वर्षी मातीची जी सर्वांत भव्य निर्मिती होते, ती चाकावर घडत नाही आणि भट्टीत भाजलीही जात नाही. शरद ऋतूत मंडपामंडपांतून उभ्या राहणाऱ्या दुर्गेच्या मूर्ती पुरुषभर किंवा त्याहूनही उंच असतात आणि परंपरेने त्या कच्च्या मातीच्या असतात. पेंढा, बांबू, दोन प्रकारची माती, पाणी आणि हाताची बोटे एवढ्या सामग्रीवर हे सर्व काम चालते. जी गोष्ट या शहरातील कुशल कारागिरांना भट्टीवाचून साधते, ती लहान प्रमाणात शाळेलाही साधण्यासारखी आहे. मात्र या कारागिरांकडून शाळेने नेमके काय घ्यावयाचे, हे आधी स्पष्ट व्हावयास हवे. मुलांनी देवीची मूर्ती घडवावी, अशी अपेक्षा येथे नाही. घेण्यासारखी आहे ती कामाची रीत.

कुमारटुलीतील कामाचा क्रम

उत्तर कोलकात्यात हुगळीच्या काठाजवळ कुमारटुली नावाची वस्ती आहे. ‘कुमार’ म्हणजे कुंभार आणि ‘टुली’ म्हणजे वस्ती किंवा आळी. १७५७ मधील प्लासीच्या लढाईनंतर ईस्ट इंडिया कंपनीने गोविंदपूर येथे नवा फोर्ट विल्यम बांधावयास घेतला. तेथील रहिवासी उत्तरेकडे सुतानुटीच्या बाजूस सरकले आणि निरनिराळ्या कारागिरांना स्वतंत्र वस्त्या मिळाल्या. कुमारटुली ही त्यांपैकी एक होय. येथील अनेक घराणी मूळची नदिया जिल्ह्यातील कृष्णनगर भागातील आहेत. आरंभी घरगुती भांडी व खेळणी करणारे हे कुंभार पुढे जमीनदारांच्या घरच्या पूजेसाठी मूर्ती करू लागले. विसाव्या शतकात सार्वजनिक पूजा वाढल्या, तसा मूर्तिकाम हाच तेथील मुख्य व्यवसाय झाला. डिसेंबर २०२१ मध्ये कोलकात्याच्या दुर्गापूजेचा समावेश युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत झाला.

परंपरेने रथयात्रेच्या दिवशी मूर्तीच्या सांगाड्याची पूजा होऊन कामास प्रारंभ होतो. बंगालीत या सांगाड्याला ‘काठामो’ म्हणतात. बांबू व लाकडाच्या या चौकटीवर भाताचा पेंढा सुतळीने घट्ट आवळून बांधतात. हात, पाय, कंबर, मान यांची ठेवण याच वेळी ठरते. पुढे कितीही सुबक लिंपण केले, तरी पेंढ्यात चुकलेली मान मातीने सरळ होत नाही. पेंढ्यावर चिकणमातीचा पहिला थर देतात. या मातीत भाताचे तूस मिसळलेले असते. या थराला ‘एकमेटे’ असे नाव आहे. तो वाळला की त्याला भेगा पडतात. त्या पडणारच, हे गृहीत धरूनच काम चाललेले असते. नंतर अधिक बारीक मातीचा दुसरा थर, म्हणजे ‘दोमेटे’, चढतो. भेगांवर पातळ चिखलात भिजवलेल्या कापडाच्या पट्ट्या चिकटवतात. बोटे स्वतंत्र करून बसवतात. मुखवटा बहुधा साच्यातून काढतात व मग हाताने सारखा करतात. सर्व वाळल्यावर खडूच्या मातीचा पांढरा हात आणि त्यावर रंग दिला जातो. रंग धरून राहावा म्हणून त्यात चिंचोक्याची खळ घालण्याची जुनी पद्धत आहे. डोळे सर्वांत शेवटी काढले जातात व त्यासाठी परंपरेने महालयेचा दिवस नेमलेला आहे. विजयादशमीला मूर्तीचे विसर्जन होते. माती नदीत मिसळते आणि लाकडी सांगाडे पुष्कळदा बाहेर काढून पुन्हा वापरले जातात.

या क्रमाकडे शिक्षकाच्या दृष्टीने पाहिले, तर तीन गोष्टी ध्यानात येतात. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर उभी असल्यामुळे घाई करून चालत नाही. दोन पायऱ्यांच्या मध्ये थांबावे लागते, कारण माती वाळल्याखेरीज पुढील काम सुरू होत नाही. आणि भेग पडणे हा अपघात न मानता कामाचा एक टप्पा मानला जातो व त्याचा उपाय ठरलेला असतो. सात-आठ वर्षांच्या मुलाला क्रम, धीर आणि दुरुस्ती या गोष्टी उपदेशाने शिकवणे कठीण असते. माती त्या न बोलता शिकवते.

मातीचा स्वभाव

शिक्षकाने कुंभार होण्याची आवश्यकता नाही. परंतु मातीचा स्वभाव त्याला ठाऊक असला पाहिजे. चिकणमातीचे कण अत्यंत सूक्ष्म व चपटे असतात. एक कण मिलिमीटरच्या दोन सहस्रांशांहूनही लहान असतो. या चपट्या कणांमध्ये पाण्याचा पातळ थर असला की ते एकमेकांवरून सरकतात, आणि म्हणूनच ओली माती दाबावी तशी आकार घेते. पाणी उडून गेले की कण जवळ येतात व वस्तू आकसते. साधारण चिकणमाती वाळताना लांबीत शेकडा पाच ते दहा इतकी आकसते. वस्तूचा एक भाग जाड व दुसरा पातळ असला, तर पातळ भाग आधी वाळून आकसतो, जाड भाग ओलाच राहतो आणि दोहोंच्या ओढाताणीत भेग पडते. मुलाने केलेल्या हत्तीचा पाय का निखळला, याचे कारण बहुतेक वेळा एवढेच असते.

वाळूचे कण आकसत नाहीत. त्यामुळे चिकणमातीत रेताड माती मिसळली की भेगा कमी पडतात, पण मिश्रणाची चिकटपणाची शक्तीही कमी होते. बंगालमधील कारागीर चिकणमातीला ‘एँटेल’ व रेताड मातीला ‘बेले’ म्हणतात आणि दोहोंचे प्रमाण कामानुसार बदलतात. तूस किंवा तागाचे धागे घातले असता ते भेगेच्या दोन्ही काठांना धरून ठेवतात. महाराष्ट्रातील कुंभार मातीत घोड्याची लीद मिसळतात, तिच्यातील गवताच्या बारीक तंतूंचाही असाच उपयोग होतो.

वाळलेली कच्ची माती पाण्यात टाकली की पुन्हा चिखल होते. भट्टीत सुमारे ६०० अंश सेल्सिअसच्या वर गेलेली माती मात्र पुन्हा चिखल होत नाही. शाळेच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. भाजलेली वस्तू टिकते, पण तिची माती संपते. कच्ची माती वर्षभर पुनःपुन्हा वापरता येते. चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाला पाव किलो ओली माती द्यावयाची, तर दहा किलो माती पुरते. झाकणाच्या बादलीत ओल्या गोणपाटाखाली ठेवली असता ती अनेक महिने उपयोगी पडते. साधनसामग्री थोडी असलेल्या शाळेला याहून स्वस्त शैक्षणिक साहित्य मिळणे अवघड आहे.

बंगालमधील शैक्षणिक प्रयोगांची पार्श्वभूमी

हाताच्या कामाला शिक्षणात मानाचे स्थान देण्याचा विचार बंगालला नवा नाही. रवींद्रनाथ ठाकूर यांनी १९०१ मध्ये शांतिनिकेतन येथे शाळा काढली. १९१९ मध्ये तेथे कलाभवन सुरू झाले व पुढे नंदलाल बसू यांनी त्याला आकार दिला. १९२४ मध्ये खेड्यातील मुलांसाठी ‘शिक्षासत्र’ ही शाळा स्थापन झाली. तिच्यात बागकाम, हस्तव्यवसाय व परिसराचा अभ्यास यांना पुस्तकांच्या बरोबरीचे स्थान होते. १९३५ मध्ये शांतिनिकेतनात ‘श्यामली’ हे मातीचे घर उभे राहिले. त्याच्या भिंतींवर उठावाचे काम आहे व त्यात रामकिंकर बैज यांचा हात आहे. बाँकुडा येथे जन्मलेल्या रामकिंकरांची (१९०६–१९८०) मातीशी पहिली ओळख कोणत्याही कलाशाळेत झाली नव्हती. गावातील मूर्तिकारांना काम करताना पाहत आणि त्यांच्या हाताखाली खपत ती झाली होती.

याच काळात महाराष्ट्रात दुसरा प्रवाह वाहू लागला. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या परिषदेत महात्मा गांधींनी हस्तव्यवसायाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवणारी योजना मांडली आणि झाकीर हुसेन समितीने तिचा तपशील तयार केला. मुलांच्या उत्पादनातून शाळेचा काही खर्च निघावा, अशीही त्या योजनेत अपेक्षा होती. हे दोन प्रवाह एकत्र आणणारी व्यक्ती म्हणजे देवीप्रसाद. कलाभवनात शिकून ते १९४४ मध्ये सेवाग्रामला आले व तेथील मुलांचे कलाशिक्षक झाले. पुढे कुंभारकलेतही त्यांनी नाव मिळवले. कला हा शिक्षणाचा पाया होय, हा विचार मांडणारा त्यांचा ग्रंथ १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात बोर्डी येथे १९४५ मध्ये ताराबाई मोडक यांनी सुरू केलेल्या बालशिक्षणाच्या कामातही महागड्या साधनांच्या जागी परिसरात मिळणाऱ्या वस्तू आणण्याचा आग्रह होता.

त्यानंतर कोठारी आयोगाने (१९६४–६६) कार्यानुभवाची शिफारस केली. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात पारंपरिक हस्तकलांचा स्वतंत्र विचार झाला आणि २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही स्थानिक कारागिरांकडून शिकण्यावर भर दिला. धोरणांची उणीव आहे, असे म्हणता येणार नाही. उणीव आहे ती वर्गात सोमवारी सकाळी काय करावयाचे, या माहितीची. म्हणून पुढे सहा पाठांचा एक क्रम दिला आहे.

सहा पाठ

पहिला पाठ माती ओळखण्याचा. माती कुंभाराकडून किंवा मूर्तिकाराकडून आणावी. रस्त्याच्या कडेची किंवा गटाराजवळची माती घेऊ नये, कारण तीत काचा व घाण असते. कोरडी माती मुलांनी फोडावी, खडे वेचावेत, ती पाण्यात भिजवावी व जाड कापडातून गाळावी. दोन-तीन दिवसांनी ती मळण्याजोगी होते. पेन्सिलीएवढ्या जाडीची वळी करून ती बोटाभोवती गुंडाळावी. वळी तडकली तर माती फार रेताड किंवा कोरडी आहे, हाताला चिकटली तर पाणी अधिक आहे. याच पाठात तीन वड्यांचा प्रयोग करावा. एक वडी शुद्ध चिकणमातीची, दुसरी निम्म्या वाळूची, तिसरी तूस मिसळलेली. तिन्ही वड्यांवर बरोबर १० सेंटिमीटर लांबीची रेघ ओढून त्या सावलीत वाळवाव्यात. आठवड्याने रेघा पुन्हा मोजाव्यात. चिकणमातीची रेघ साडेनऊ सेंटिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही आखूड झालेली दिसेल. कोणती वडी किती आकसली व कोणतीला भेगा पडल्या, हे मुलांनीच वहीत लिहावे. गणित आणि विज्ञान यांचा मातीकामाशी संबंध जोडण्यासाठी वेगळी खटपट करावी लागत नाही.

दुसरा पाठ चिमटीचा. बंगालच्या खेड्यांत स्त्रिया मातीचा गोळा केवळ बोटांनी दाबून व चिमटून बाहुल्या करीत आल्या आहेत. त्यांना ‘टेपा पुतुल’ म्हणतात. ‘टेपा’ म्हणजे दाबलेला. एकाच गोळ्यातून नाक चिमटून काढावयाचे, हात ओढून काढावयाचे, वेगळे काही चिकटवावयाचे नाही. सहा वर्षांच्या मुलाला हे सहज जमते आणि जोड नसल्यामुळे वाळताना काही निखळत नाही. पोळ्याचे किंवा बेंदराचे मातीचे बैल केलेल्या महाराष्ट्रातील मुलांनाही ही रीत परकी वाटणार नाही.

तिसरा पाठ वळ्यांचा. तळव्याखाली वळी फिरवून लांब करावयाची आणि एकावर एक वेटोळी रचून वाडगा उभारावयाचा. दोन वळ्या केवळ टेकवल्या तर वाळल्यावर सुटतात. दोन्ही पृष्ठभागांवर काडीने रेघोट्या ओढून पातळ चिखल लावला आणि बोटाने सांधा पुसून घेतला, म्हणजे त्या एकजीव होतात. हे प्रथम सांगू नये. एकदा वाडगा सुटू द्यावा व मग उपाय दाखवावा. सांगितलेले मूल विसरते. सुटलेला वाडगा विसरत नाही.

चौथा पाठ फरशीचा. १० सेंटिमीटर लांब, तितकीच रुंद आणि २ सेंटिमीटर जाड अशी फरशी थापून तिच्यावर उठावाचे चित्र करावयाचे. बिष्णुपूरच्या मंदिरांच्या भिंती अशाच मातीच्या, पण भाजलेल्या, फरशांनी मढलेल्या आहेत. श्यामराय मंदिर १६४३ मधील व जोडबांगला मंदिर १६५५ मधील आहे. गाळाच्या या प्रदेशात बांधकामाचा दगड सहज मिळत नसल्याने तेथील शिल्पकारांनी वीट हेच आपले माध्यम केले. देवांच्या कथांबरोबर शिकार, नौका, वादक असे विषयही त्या फरशांवर आहेत. वर्गातील मुलांनी आपल्या परिसरातील विषय घ्यावेत. ट्राम, घाटावरची नाव, मासळीबाजार, पावसाने तुंबलेली गल्ली असे विषय कोलकात्यातील मुलांना सुचतील. चाळीस फरशा एकत्र मांडल्या की वर्गाची एक भिंत तयार होते आणि तीत कोणाचेही एकट्याचे नाव मोठे होत नाही.

पाचवा पाठ सांगाड्याचा, नऊ-दहा वर्षांच्या मुलांसाठी. पेंढ्याची वीतभर लांबीची जुडी सुतळीने बांधून तिला हातपाय द्यावयाचे, मग तूस मिसळलेला पहिला थर, मग वाळण, मग भेगा, मग दुसरा थर व कापडाच्या पट्ट्या. एका तासात हा पाठ संपत नाही. त्याला तीन आठवडे लागतात आणि ते लागले पाहिजेत. या पाठाच्या आधी शक्य असल्यास मुलांना कुमारटुलीत न्यावे. भेटीसाठी पूजेच्या तोंडावरचे दिवस निवडू नयेत. त्या वेळी गल्ल्यांत गर्दी असते, कारागीर घाईत असतात आणि मूर्ती जवळजवळ पूर्ण झालेल्या असतात. आषाढ-श्रावणात पेंढ्याच्या मूर्ती उघड्या दिसतात. पूर्ण मूर्ती आपल्या अंगाखालचे सारे श्रम झाकून टाकते; अपुरी मूर्ती ते दाखवते.

सहावा पाठ रंगाचा आणि विसर्जनाचा. रंगासाठी गेरू, पिवडी, खडू आणि काजळी पुरेशी आहेत. त्यांत चिंचोक्याची खळ मिसळावी. बाजारातील काही तैलरंगांत शिसे असते, ते मुलांच्या हाती देऊ नयेत. मूर्तीच्या अलंकारांसाठी बंगालमधील मालाकार शोला नावाच्या पाणवनस्पतीचा पांढराशुभ्र गर कोरतात. त्याला धारदार सुरी लागते, म्हणून लहान मुलांना त्याऐवजी कागद, बिया, नारळाची करवंटी, वाळक्या काड्या द्याव्यात. अवनींद्रनाथ ठाकूर आपल्या अखेरच्या वर्षांत लाकडाच्या टाकाऊ तुकड्यांत पशुपक्ष्यांचे आकार शोधीत व त्यांना ‘कुटुम-काटाम’ म्हणत. मुलांना हा खेळ फार आवडतो. सत्राच्या शेवटी प्रत्येक मुलाने आपल्या वस्तूंतून एक ठेवण्यासाठी निवडावी आणि बाकीच्या स्वतःच्या हाताने बादलीत सोडाव्यात. पहिल्या खेपेस काही मुले रडतात. त्यांच्यावर सक्ती करू नये. पुढच्या सत्रात त्याच मातीतून नवी वस्तू निघताना पाहिली की ती आपण होऊन तयार होतात.

येथे हवामानाचाही विचार करावयास हवा. पावसाळ्यात कोलकात्याची हवा इतकी दमट असते की मूर्तिकारांनाही आगीच्या झोताने मूर्ती वाळवाव्या लागतात. पश्चिम बंगालमधील शाळांचे वर्ष जानेवारीत सुरू होते. पहिले चार पाठ जानेवारी ते मार्चमध्ये घेतले, तर वस्तू लवकर वाळतात. तास संपल्यावर फळ्या व फरशी ओल्या फडक्याने पुसाव्यात, कोरड्या झाडूने झाडू नये. वाळलेल्या मातीची बारीक धूळ श्वासावाटे जाणे फुप्फुसांना अपायकारक असते.

शिक्षकाचा हात

मातीकामाच्या तासाला सर्वांत मोठा धोका संभवतो, तो शिक्षकाच्या सदिच्छेतून. स्नेहसंमेलनाचे प्रदर्शन जवळ आलेले असते. मुलाने केलेला घोडा चारी पायांवर उभा राहत नाही. शिक्षक तो हाती घेतो, पाय सरळ करतो, मान उंचावतो, आणि दोन मिनिटांत घोडा देखणा होतो. पालक कौतुक करतात. पण मूल मनाशी जाणून असते की हा घोडा आपला नाही. त्याहून वाईट म्हणजे, आपल्या हाताला जमत नाही आणि मोठ्यांच्या हाताला जमते, एवढाच धडा ते घेऊन जाते.

मुलाच्या वस्तूला शिक्षकाने हात लावू नये, हा नियम कडकपणे पाळावा. काही दाखवावयाचे असेल तर स्वतःचा वेगळा गोळा घ्यावा, त्यावर दाखवावे आणि मग तो मोडून टाकावा. मुलाला प्रश्न विचारावेत. घोडा का बसतो आहे? पाय बारीक आहेत की माती ओली आहे? त्याच्या पोटाखाली वाळेपर्यंत काय ठेवता येईल? बाँकुडा जिल्ह्यातील पाँचमुडा येथील प्रसिद्ध घोड्यांचे पाय व मान हे पोकळ भाग वेगवेगळे घडवून नंतर जोडलेले असतात. कारागिराने ही युक्ती घोडा कोसळण्याच्या अडचणीतूनच शोधली असली पाहिजे. मुलालाही अडचणीपर्यंत पोचू द्यावे.

साच्याच्या बाबतीतही हाच विचार लागू पडतो. कुमारटुलीचा कारागीर मुखवट्यासाठी साचा वापरतो, कारण त्याला थोड्या दिवसांत अनेक मूर्ती पुऱ्या करावयाच्या असतात, आणि साच्यातून निघालेला मुखवटा दुरुस्त करण्याइतका त्याचा हात तयार असतो. मुलाला आरंभीच साचा दिला, तर त्याला चेहरा मिळतो, पण चेहरा पाहण्याची गरज उरत नाही. दहाव्या-अकराव्या वर्षी, स्वतःच्या हाताने काही चेहरे केल्यावर, त्याच्याकडूनच साचा करवून घ्यावा.

कुंभाराचे मूल

एक प्रश्न यांहूनही नाजूक आहे. कोलकात्यातील काय किंवा महाराष्ट्रातील काय, अनेक शाळांत कुंभारांची, मूर्तिकारांची, गवंड्यांची मुले बसलेली असतात. घरी त्यांनी माती मळलेली असते, बारीकसारीक अलंकार केलेले असतात. परंतु शाळेच्या दृष्टीने हे ज्ञान नसल्यासारखेच असते. वाचनात मागे पडणारा मुलगा हीच त्याची वर्गातील ओळख असते. मातीकामाच्या तासाला प्रथमच त्याला ठाऊक असलेली गोष्ट इतरांना ठाऊक नाही, अशी वेळ येते.

ही वेळ शिक्षकाने जपून हाताळावी. त्या मुलाला जातीवरून हाक मारून पुढे उभे करणे हा त्याचा गौरव नव्हे. पाणी किती घालावे, असा प्रश्न आला असता त्याचे मत इतरांप्रमाणेच, पण गंभीरपणे विचारावे. त्याच्या आईला किंवा वडिलांना वर्गात बोलवावयाचे असेल, तर शिक्षक म्हणून बोलवावे. त्यांच्या वेळेचे मानधन द्यावे आणि त्यांच्यासाठी खुर्ची ठेवावी. आईचा उल्लेख मुद्दाम केला आहे. मूर्तिकामात स्त्रियांचा हात नेहमीच असे, पण कार्यशाळा पुरुषांच्या नावाने चालत. चायना पाल यांनी वडिलांच्या मृत्यूनंतर कुमारटुलीतील त्यांची कार्यशाळा स्वतः चालवली आणि मूर्तिकार म्हणून नाव मिळवले. वर्गातील मुलींनी हे ऐकलेले असावे.

मातीकामाने प्रत्येक मूल कारागीर होईल, असे नाही. तशी अपेक्षाही नाही. परंतु ज्याने स्वतःच्या हाताने दोन थर चढवले व भेगा बुजवल्या, तो मोठेपणी मूर्तीची किंमत करताना किंवा मडक्याचा भाव पाडून मागताना क्षणभर तरी विचार करील. हाताने काम करणारा आणि डोक्याने काम करणारा यांच्यात आपल्या समाजाने जी उतरंड रचली आहे, ती उपदेशाने हललेली नाही. दोन्ही प्रकारची मुले एकाच बादलीतली माती मळू लागली, तर ती थोडी हलण्याचा संभव आहे.

मूल्यमापन

अशा कामाला गुण कसे द्यावयाचे, असा प्रश्न शिक्षक विचारतात. वस्तूच्या देखणेपणावर गुण दिले, की शिक्षकाचा व पालकांचा हात पुन्हा मुलाच्या कामात शिरतो. त्याऐवजी मुलाशी बोलून चार गोष्टी पाहाव्यात. काम कोणत्या क्रमाने केले, हे त्याला सांगता येते काय? भेग कोठे पडली आणि का पडली, याविषयी त्याचा काही तर्क आहे काय? दुसऱ्या खेपेस त्याने काय बदलले? उरलेली माती झाकून ठेवून आपली जागा त्याने पुसली काय? पहिले तीन प्रश्न बुद्धीचे आहेत, चौथा इतरांविषयीच्या जाणिवेचा आहे. या चारही गोष्टी ज्या मुलात दिसतात, त्याचा घोडा बसका असला तरी चालेल.

गोरोबा कुंभारांनी थापटण्याने संतांची डोकी वाजवून कोणते मडके कच्चे व कोणते पक्के हे पाहिले, ही कथा महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. तेथे कच्चे राहणे हा दोष होता. प्राथमिक शाळेत मात्र मुलांनी कच्चेच असावयाचे असते. त्यांना घाईने भाजून पक्के करण्याचे कारण नाही. शाळेत चाक नसेल, भट्टी नसेल, तरी एक बादली माती, एक गोणपाट आणि आठवड्यातून दोन सलग तास एवढे मिळाले, तर काम सुरू करता येते. वेळापत्रकातील तो तास दुसऱ्या विषयाला न देणे, ही त्यातील पहिली व बहुधा सर्वांत अवघड पायरी आहे.